शाल-श्रीफळापूर्वीची वर्षे

लेखकाचा गौरव करण्याची आपल्या समाजाची रीत मोठी उदार आहे. परंतु त्या औदार्याची वेळ जवळजवळ नेहमीच चुकलेली असते. पुस्तक छापून झाले, त्यावर कोठे दोन बरे शब्द लिहून आले, एखादा पुरस्कार पदरी पडला, म्हणजे मग गावोगावच्या संस्थांना त्या लेखकाची आठवण होते, शाल आणि श्रीफळ सिद्ध होतात, आणि ज्यांनी त्याची एक ओळही वाचलेली नसते असे मान्यवर त्याच्या प्रतिभेवर अर्धा-अर्धा तास बोलतात. मात्र ज्या वर्षांत त्याच्या वहीतील कच्च्या मजकुराला एखादा जाणता वाचक हवा होता, चांगली पुस्तके हाती पडण्याची काही तजवीज हवी होती, आणि ‘लिहिणे सोडू नकोस, पण हे दुसरे प्रकरण पुन्हा लिही’ असे ममतेने आणि तरीही परखडपणे सांगणारे माणूस हवे होते, त्या वर्षांत त्याच्या दाराशी कोणी फिरकलेले नसते. नवोदितांना समाजाने आधार द्यावा ही मागणी वारंवार होते आणि ती रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच की हा आधार पुस्तकानंतर नव्हे, पुस्तकापूर्वी मिळाला पाहिजे, आणि तो सत्काराचा नव्हे, वाचनाचा असला पाहिजे. ही गोष्ट पुण्या-मुंबईलाही लागू आहे. पण तिची निकड खरोखर समजून घ्यायची असेल तर मराठीच्या उत्तर सरहद्दीवर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींत जाऊन पाहावे.

सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. छिंदवाडा जिल्ह्याच्या जुन्या दप्तरांत घाटावरच्या पठाराला ‘बालाघाट’ आणि घाटाखालच्या या सखल पट्ट्याला ‘जेरघाट’ म्हणत. जमीन, पिके, सोयरिकी आणि बोली या सर्वच बाबतींत जेरघाटाचे नाते नागपूरकडच्या मैदानाशी आहे. देवगडच्या गोंड राजांनंतर तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत बनला, आणि पुढे जवळजवळ शतकभर नागपूर हीच या भागाची राजधानी राहिली. त्या प्रांतात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांना कचेरीत आणि शाळेत मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर जेरघाटाची राजधानी भोपाळ झाली. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने शंभरेक किलोमीटर, सौसरहून त्याहूनही जवळ. भोपाळ मात्र पांढुर्ण्याहून जवळजवळ तिप्पट दूर. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा कचेरी तरी जवळ आली. महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांना मात्र या जिल्ह्याची आठवण वर्षातून एकदाच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते, जेव्हा जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. ज्या भागाची बातमी केवळ गोटमारीची होते, त्या भागात कोणी कविता लिहीत असेल ही कल्पनाही बाहेरच्या वाचकाला शिवत नाही.

आणि तरीही लिहिण्याची ऊर्मी तेथे नसेल असे मानण्याला काही आधार नाही. या जिल्ह्यातील लिहू पाहणाऱ्या मुलाची वा मुलीची भाषिक परिस्थिती मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळ घरांत नागपुरी वळणाची मराठी, पवार कुटुंबांत पवारी, डोंगराकडच्या वस्त्यांत गोंडी. शाळेत आणि तहसिलीत मुख्यतः हिंदी. बाजारात सर्वांची सरमिसळ. आणि हरिपाठात, भजनात, लग्नाच्या गाण्यांत पुन्हा मराठी. मराठी आणि हिंदी या दोघींची लिपी एकच असल्यामुळे, शाळेत एकही मराठी धडा न शिकलेले मूल मराठी पुस्तक उघडून वाचू शकते. ही केवढी तरी अनुकूलता आहे, आणि बेळगावच्या किंवा बंगळुरूच्या मराठी मुलाला ती इतक्या सहज लाभत नाही. परंतु वाचता येणे निराळे आणि त्या भाषेत लिहिण्याचे धाडस होणे निराळे. नागपूरच्या माणसाला त्याच्या मराठीत हिंदीचा वास येतो, भोपाळच्या माणसाला त्याच्या हिंदीत मराठीचा हेल ऐकू येतो, आणि या दोन्ही दरबारांत आपली भाषा अशुद्ध ठरणार या संकोचाने त्याची वही पेटीतच राहते. प्रतिभेचा अभाव नव्हे, तर हा संकोच, हाच येथील नवोदिताचा पहिला शत्रू होय. आणि संकोच दूर करण्याचे काम कोणत्याही पुरस्काराने होत नाही, ते केवळ सहवासाने होते.

सहवासाचे हे सामर्थ्य किती मोठे असते याचे उदाहरण याच मराठी-हिंदी सरहद्दीवरच्या एका घराण्यात सापडते. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ, मातृभाषा मराठी, बालपण माळव्यातले. थोरल्याला शुजालपूरच्या शाळेत शिकवीत असताना नेमिचंद्र जैन यांच्यासारखे मित्र लाभले. ते दोघे आणि ग्वाल्हेरचे मराठी गृहस्थ प्रभाकर माचवे असे तिघेही १९४३ च्या ‘तार सप्तक’ या संग्रहातून आधुनिक हिंदी कवितेच्या अग्रभागी आले. धाकटा नागपूरच्या मराठी वर्तुळात रमला, ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी लिहून गेला, आणि साहित्य अकादमीने त्याच्या समीक्षाग्रंथाचा मराठीसाठी गौरव केला. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा समृद्ध केल्या, यामागे केवळ मित्रमंडळाची निवड होती असे म्हणणे धाडसाचे होईल; परंतु लेखकाची लेखनभाषा ठरण्यात त्याला प्रथम कोणी ऐकले याचा वाटा फार मोठा असतो, हे मानायला हरकत नसावी. पांढुर्ण्याला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातील जौलखेडा गावी जन्मलेले चंद्रकांत देवताले आणि खुद्द छिंदवाड्याचे विष्णु खरे यांनीही हिंदी कविता श्रीमंत केली. देवताले यांनी तर दिलीप चित्रे यांची मराठी कविता हिंदीत नेली. याचा विषाद मानण्याचे कारण नाही. उलट अभिमानच वाटावा. पण मग प्रश्न उरतो तो असा की, या भागातून हिंदीला जसे कवी मिळाले तसे मराठीला का मिळू नयेत, आणि एखाद्याने दोन्ही भाषांत का लिहू नये? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर मराठी आणि हिंदी अशी दोन्ही भजने रचली आणि त्यांच्या श्रोत्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

थोरल्या मुक्तिबोधांच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्यांनी नागपुरात उमेदीची वर्षे काढली, ‘नया खून’ नावाच्या साप्ताहिकात राबले, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ प्रसिद्ध झाला तो त्याच वर्षी, म्हणजे छापील स्वरूपात तो मनसोक्त पाहण्याचे सुख कवीला मिळालेच नाही. इकडे बहिणाबाई चौधरींचे ३ डिसेंबर १९५१ रोजी देहावसान झाले आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. या दोन नावांमध्ये भाषा, शिक्षण, प्रकृती यांचे काहीच साम्य नाही; साम्य आहे ते एवढेच की कौतुक दोघांच्याही पाठीमागून आले. परंतु बहिणाबाईंच्या बाबतीत एक भाग्य होते, आणि तेच मला येथे महत्त्वाचे वाटते: त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू यांनी ती गाणी वेळोवेळी टिपून ठेवली होती. त्यांनी पुरस्कार दिला नाही, सत्कार केला नाही. त्यांनी ऐकले आणि लिहून घेतले. पुस्तकाला लाभलेली आचार्य अत्र्यांची प्रस्तावना जगाला दिसली. तिच्या आधीची ही टिपणे नसती तर अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली असती ती कशाला?

मराठीत लेखकांना एकत्र आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १९०६ साली महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीस विदर्भ साहित्य संघ जन्मास आला. या संस्थांचे ऋण कोण नाकारील? पण त्याच १९२३ साली पुण्यात काही कवी रविवारी चहासाठी एकत्र जमू लागले आणि त्या बैठकीस ‘रविकिरण मंडळ’ असे नाव पडले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकमेकांपुढे आपल्या कविता वाचत, त्यांवर बोलत, मिळून छोटी पुस्तके काढीत. त्यांना सभागृह नव्हते, अध्यक्षीय भाषण नव्हते. होते ते केवळ नियमित भेटणे. संस्था साहित्याचा लौकिक सांभाळते. अशी बैठक साहित्यिक घडवते. या दोन कार्यांचा घोटाळा झाल्यामुळे आपल्याकडे संमेलने उदंड झाली आणि बैठका मात्र मोडत गेल्या.

जाणत्या वाचकाचे कार्य किती प्रकारांनी होऊ शकते हेही मराठीने पाहिलेले आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांनी, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी, आडगावच्या अनोळखी लेखकांना सविस्तर पत्रे लिहिली. कथा परत आली तरी तिच्याबरोबर ती का परत आली याची कारणे येत, आणि अशा पत्रांवर एक अख्खी पिढी शिकली. नागपुरात सुरेश भटांनी नव्या गझलकारांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि अनेकांच्या वृत्तांतील चुका स्वतः बसून दुरुस्त केल्या. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने लेखक-वाचक मेळावे भरवून ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी लेखणी धरली नव्हती अशांना लिहिते केले. बोलीबद्दलचा संकोच घालविण्याचे कामही विदर्भातच झाले आहे: उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली वऱ्हाडी बोलीचा पोत घेऊन आली आणि मराठी कादंबरीचा मानबिंदू ठरली, पूर्व विदर्भात हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकाराने झाडीबोलीचे साहित्य मंडळ उभे राहिले आणि तिची संमेलने खेड्यापाड्यांत भरू लागली. पांढुर्ण्याच्या मराठीला आणि पवारीला हाच मार्ग मोकळा आहे. संत्र्याच्या बगीच्याचा आंबिया आणि मृग बहार, बहार झाडावर असतानाच होणारा व्यापाऱ्याशी सौदा, बोरगावच्या कारखान्यांतील पाळ्या, जामसावळीच्या मारुतीपुढची शनिवारची गर्दी, यांचे वर्णन प्रमाण भाषेच्या कोटात गुदमरेल, घरच्या शब्दांत मात्र सहज फुलेल.

याच ठिकाणी बेळगाव भागाचा दाखला दिल्यावाचून पुढे जाववत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशी बेळगावच्या परिसरातील गावे स्वतःच्या वर्गणीतून मराठी साहित्य संमेलने भरवतात. ग्रंथदिंडी निघते, शेतकरी आणि शाळेतली मुले मंडपात बसून परिसंवाद ऐकतात. तेथे सीमाप्रश्नाची जखम ओली आहे आणि तिच्यातून ही जिद्द येते. जेरघाटात अशी जखम नाही. मराठी-हिंदी वैर नाही, आणि ते नसावे हेच इष्ट. परंतु भांडण नसलेल्या ठिकाणी भाषेचा ऱ्हासही बोभाटा न होता होतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या बारा लाखांच्या वर होती. त्यांतील इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी समाजाने १९१७ पासून अखिल भारतीय संमेलने भरवली, १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनात कुसुमावती देशपांडे पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. त्या शहरांत सरदारांचे वाडे, संस्थाने आणि त्यांचा आश्रय होता. पांढुर्णा-सौसरची मराठी शेतकऱ्याची, विणकराची, हमालाची. तिला आश्रयदाता कधीच नव्हता, म्हणून तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांचाच आधार हवा.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, प्रतिभावंत एकटाच वाढतो, मंडळांतून फक्त सुमार लेखकांची भरती होते. हा आक्षेप अगदी पोकळ नाही. ज्या बैठकीत प्रत्येक कवितेला ‘वाहवा’ मिळते ती बैठक लेखकाला बिघडवते, यात शंका नाही. रविकिरण मंडळाच्या हळव्या काव्याची ‘झेंडूची फुले’ मध्ये केशवकुमारांनी १९२५ साली खिल्ली उडवली ती त्यामुळेच. पण विडंबन करण्यासाठीसुद्धा कविता मन लावून वाचावी लागते, आणि असा कठोर वाचक मिळणे हेही त्या काळाचे वैभवच होते. तेव्हा उपाय बैठक बंद करण्याचा नाही, तिला शिस्त लावण्याचा आहे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लिहून पोट भरत नाही, मग मुलांना या नादाला का लावावे? त्याचे उत्तर या जिल्ह्यातील कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेली संत्र्याची कलम लावली तर पहिली पाच-सहा वर्षे ती फळ देत नाही. तेवढी वर्षे तिला पाणी घालणारा माणूस तिच्याकडे हिशेब मागत नाही. आणि सर्वच मुले लेखक होणार नाहीत हे कबूल. परंतु आपल्या गावचा अर्ज, आपल्या आजीची ओवी आणि आपल्या मनातील राग नीट शब्दांत मांडता येणारे शंभर नागरिक तयार झाले, तर त्यात तोटा कोणाचा?

या सगळ्यात खरा धोका आहे तो घाईचा. आधार न मिळालेला नवोदित शेवटी पदरचे पैसे मोजून पुस्तक छापतो. गठ्ठे घरी येतात, प्रती भेट म्हणून वाटल्या जातात, प्रकाशन समारंभाची छायाचित्रे निघतात, आणि ते पुस्तक वाचले कोणी, या प्रश्नाला उत्तर नसते. जी रक्कम छपाईत गेली तिच्यातून त्याने दोन वर्षे पुस्तके विकत घेऊन वाचली असती आणि एखाद्या जाणत्या माणसाने त्याचा मसुदा तपासला असता, तर तेच पुस्तक कदाचित टिकले असते.

मग करावे काय? काही गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत. महाराष्ट्रात १९६७ सालच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यापाड्यांतील वाचनालयांना वर्गवार अनुदान मिळते. मध्य प्रदेशात असा कायदा नाही, त्यामुळे तेथे वाचनालय हा केवळ उत्साही माणसाच्या पदरमोडीचा विषय होऊन बसतो. नवीन जिल्ह्याच्या कचेऱ्या, निवासस्थाने, न्यायालये यांच्या मंजुऱ्या निघत असताना जिल्हा ग्रंथालयाची दरखास्तही त्याच फायलीत जावी, आणि त्यात मराठी दालन स्वतंत्र असावे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून पुस्तकांसाठी साहाय्य मिळविण्याची वाटही उपलब्ध आहे. मध्य प्रदेशाच्या साहित्य अकादमीने हिंदीसाठी ‘पाठक मंच’ नावाचा एक सुंदर पायंडा पाडला आहे: निवडक पुस्तके गावोगावच्या केंद्रांवर जातात आणि वाचक ती वाचून त्यांवर चर्चा करतात. भोपाळला मराठी साहित्य अकादमीही आहे. तिने पांढुर्णा आणि सौसर येथे असेच मराठी वाचकमंच उघडावेत, याहून रास्त मागणी ती कोणती? आणि इकडे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, जे १९६० साली स्थापन झाले आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्यासारखी कामे करीत आले आहे, त्याने लेखकाच्या रहिवासाच्या दाखल्यापेक्षा त्याची भाषा पाहावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो महाराष्ट्र राज्याला नव्हे, मराठी भाषेला मिळाला. त्या दर्जाचा लाभ वर्धा नदीच्या उगमापर्यंत का पोहोचू नये?

परंतु सरकारच्या हुकमाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण मुख्य काम सरकारचे नाहीच. सौसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा येथे निवृत्त शिक्षक आहेत, भजनी मंडळे आहेत, शाळेच्या रिकाम्या खोल्या आहेत. महिन्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, तेथे दोन तासांची बैठक भरावी; त्यात केवळ अप्रकाशित लेखन वाचले जावे; हार, स्वागत आणि आभार यांना पूर्ण मज्जाव असावा; आणि वाचून झाल्यावर प्रत्येक श्रोत्याने एक आवडलेली आणि एक न पटलेली गोष्ट सांगावी. लेखन मराठीत असो, पवारीत असो की हिंदीत, दार सर्वांना उघडे असावे. स्त्रियांना सवडीची वेळ निराळी असते, तेव्हा त्यांची बैठक भजनी मंडळाला जोडून, त्यांच्या सोयीने व्हावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या ओव्या आणि आठवणी शाळकरी मुलांनी टिपून घ्याव्यात. आणि नागपूरच्या प्रतिष्ठित लेखकांनी, ज्यांना सत्कारासाठी या भागात बोलावले जाते, त्यांनी निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी एक अट घालावी: गावातील एका नवोदिताचे हस्तलिखित आधी माझ्याकडे पाठवा, मी ते वाचून टिपणासह परत करीन, आणि भाषण न करता त्याच्याशी दोन तास बोलेन. विदर्भ साहित्य संघाने आपल्या दुसऱ्या शतकात सरहद्दीपलीकडच्या प्रत्येक होतकरू लेखकाला असा एक वाचक नेमून द्यायचे ठरवले, तर त्याला मंडपाचा खर्च येणार नाही, फक्त टपालाचा येईल.

पाच वर्षांनी या उपक्रमाचा हिशेब घ्यायचा झाला तर पुस्तके किती निघाली आणि पुरस्कार किती मिळाले हे विचारू नये. त्या पाच वर्षांत किती हस्तलिखिते मन लावून वाचली गेली, त्यांतील किती टिपणांसह लेखकाच्या हाती परत आली, आणि परत आलेली किती त्याने पुन्हा लिहून काढली, एवढे तीनच आकडे मागावेत. हे आकडे वाढत असतील तर पांढुर्णा-सौसरचे पुस्तक आज ना उद्या येईलच. आणि ते शून्य असतील, तर कितीही संमेलने भरवली तरी त्या मंडपांतून मराठीला एकही नवा लेखक लाभणार नाही.